निनावी वही वाचली का? (लातूरकडची, स्पायरलवाली)

तेरणाकाठ · रविवार, रात्री ९.४०

मंडळी, नमस्कार. लातूर, धाराशिव, अंबाजोगाई, उदगीर या पट्ट्यात एक झेरॉक्स वही हातोहात फिरतीय. ११८ पानं, एकाच बाजूला छापलेली, वर प्लास्टिकचं कव्हर, स्पायरल बाइंडिंग. लेखकाचं नाव नाही, किंमत नाही, 'हार्दिक आभार' नाहीत. आमच्या वाचनालयात परत आलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात कुणीतरी ठेवून गेलं. मी तिथं तेवीस वर्षं ग्रंथपाल होते. आता निवृत्त आहे, तरी संध्याकाळी जाऊन बसायची खोड सुटत नाही. शिक्का मारावा म्हणून पहिलं पान उघडलं आणि उभ्या उभ्या बारा पानं वाचून काढली.

ज्यांच्यापर्यंत पोचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लिहिणारा शिक्षक आहे, आता पन्नाशी ओलांडलेला. १९९३ मध्ये तो डी.एड.ला होता. ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंप झाला आणि आठवड्याभरात कॉलेजची पोरं किल्लारीकडे मदतीला गेली, त्यात हा. शेडसाठी पत्रे घेऊन येणारा एक टेम्पोवाला होता, याच्याच वयाचा. पत्रे उतरवताना याचे हात कापले. टेम्पोवाल्यानं सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन तुकडे कापून याच्या तळहातावर ठेवले आणि पत्रा कसा धरायचा ते दाखवलं. तिथून सुरू होतं या दोघांचं प्रेम.

पुढं टेम्पोवाला दरवर्षी येळवसला, म्हणजे वेळा अमावास्येच्या शेतातल्या सणाला, यांच्या शेतात यायला लागला. वहीत त्याला नाव नाही. याची आई त्याला 'दोस्तार' म्हणते, म्हणून हाही शेवटपर्यंत 'दोस्तार'च लिहितो. १९९९ मध्ये याचं लग्न झालं, २००१ मध्ये दोस्तार चाकणकडे कंपनीच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून गेला. मधली बरीच वर्षं कोरडी. मग २०१८, आणि मग आता.

मी रडले ते ताटातुटीच्या पानावर नाही. दोस्तार यायचा बंद झाल्यावरही आई येळवसच्या दिवशी आंबिलीचा एक तांब्या वेगळा काढून कोपीत ठेवायची, वर पळसाचं पान झाकून. कुणासाठी ते बोलायची नाही. संध्याकाळी निघताना तो तांब्या ती स्वतःच बांधावर ओतायची. २०११ मध्ये ती गेली. त्या वर्षी तांब्या कुणी भरला नाही, एवढंच एक वाक्य आहे आणि पुढचं पान अर्धं कोरं. मी चष्मा काढून बसले.

तुम्हाला काय वाटलं ते लिहा. एकच विनंती, हे कोण, कुठल्या गावचे, ते शोधू नका.

शेंगदाण्याचा_कूट · रविवार, रात्री १०.०५

ताई, कुठं मिळेल? नांदेडला कुणाकडे आहे का?

गोदामाय · रविवार, रात्री १०.३०

नांदेडला माझ्याकडे आहे, पण तीन जण रांगेत आहेत बाबा. माझ्या प्रतीत पान ४१ पूर्ण काळं आलंय. कुणाकडे साफ असेल तर सांगा काय आहे त्यात. मला वाटतंय सगळं महत्त्वाचं त्याच पानावर असणार, आपलं नशीबच तसं.

मला 'दोस्तार' या शब्दाचं लई वाटलं. आपल्याकडे कुणाच्या घरी कुणीही दोस्तार म्हणून येतो, जेवतो, बाजंवर झोपतो, सकाळी जातो. विचारत नाही कुणी. पोरगी आली असती तर चौकशी झाली असती. या दोघांना त्या शब्दानं सात वर्षं सांभाळलं. आणि त्या शब्दानंच अडवलं, कारण दोस्तार गेला तर माणूस किती दिवस रडणार? दोस्ताराचं सुतक नसतं.

पत्र्याचं_शेड · सोमवार, सकाळी ७.१५

मी किल्लारीच्या बाजूचा. अकरा वर्षांचा होतो. आदल्या दिवशी विसर्जन होतं, सगळे दमून झोपलेले. आमच्या घराची भिंत अडीच फूट रुंद, दगडमातीची, वर माळवद. पहाटे तीन छप्पन्नला ते सगळं आज्जीच्या अंगावर आलं. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली त्या पहाटे, मला त्यातल्या बावीस जणांची नावं सांगता येतात.

त्यामुळं वहीतलं ते वाक्य, 'भिंती होत्या तोवर आम्हाला आडोसा नव्हता', ते वाचलं आणि मी वही भिरकावली. खरंच. बायको म्हणली काय झालं, म्हटलं काही नाही.

त्याचं म्हणणं कळतं. तेव्हा कुणी छपराखाली झोपत नव्हतं, महिनो न महिने माणसं रस्त्यावर, मैदानात, टेम्पोच्या हौद्यात झोपली. कोण कुणाच्या शेजारी आडवं झालंय हे बघायची शुद्ध कुणाला नव्हती. ज्याच्याशी बांधावरून कोर्टात भांडण चालू होतं त्याच्याशेजारी माझा बाप झोपायचा. त्या गर्दीत हे दोघं ताडपत्रीखाली होते आणि आनंदात होते. आमची माणसं मातीत आणि हे आनंदात. राग आला.

दोन दिवसांनी पुन्हा उचलली. पान २३ वर तो लिहितो की त्या दिवसांत आपण सुखी होतो याची त्याला इतकी लाज वाटायची की तो मुद्दाम सगळ्यात जड काम मागून घ्यायचा. ते वाचून मला माझे बूट आठवले. मदतीच्या गठ्ठ्यातून मला आयुष्यातले पहिले बूट मिळाले होते, एक सहा नंबरचा, एक सात. आज्जीला जाऊन बारा दिवस झालेले आणि मी शेडभर बूट वाजवत पळत होतो. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

तेरणाकाठ · सोमवार, सकाळी ८.०२

भाऊ, काय लिहू. वाचलं.

कडबा · सोमवार, दुपारी १.२०

वही वाचली नाही, तरी बोलतो. हे पुण्या-मुंबईचं वारं आता आपल्याकडे आलं का? दुसरं म्हणजे, तुम्ही सगळे आंबील, पळसाचं पान करत बसलात. त्या माणसानं १९९९ मध्ये एका पोरीशी लग्न केलं ना? माहीत असून केलं ना? मग तिला फसवलं. त्याला प्रेमकथा कामून म्हणायचं?

हुरडा_पार्टी · सोमवार, दुपारी १.४४

वारं १९९३ ला आलं होतं म्हणजे कडबा भाऊ. तुमच्याकडे पोचायला एवढी वर्षं लागली.

ओपीडी_संपली · सोमवार, दुपारी ३.१०

मी डॉक्टर. मानसोपचार. माझं लक्ष पान ५२ ते ५८ वर अडकलं. १९९७ मध्ये त्याचे दाजी त्याला एका मोठ्या गावच्या डॉक्टरकडे नेतात. गोळ्या सुरू होतात, तो वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता पेंगतो, पोरं हसतात. आणि शेवटी डॉक्टर सांगतात, 'लग्न करून टाका, जाईल सगळं.' कडबा यांनी विचारलेल्या लग्नाचं मूळ तिथं आहे. दाजी वाईट नाहीत हो. ते एस.टी.नं सोबत जातात, फी भरतात, परत येताना त्याला उसाचा रस पाजतात.

जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्येच समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून काढलं होतं. म्हणजे त्या गोळ्या लिहिल्या तेव्हा सात वर्षं होऊन गेली होती. पण आमच्या पिढीला कॉलेजात हा विषय विकृतीच्या प्रकरणातच शिकवला गेला आणि परीक्षेपुरता पाठ करून आम्ही पुढं गेलो. असले 'बदलवण्याचे' उपचार हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे, हे राष्ट्रीय वैद्यक आयोगानं सांगितलं ते २०२२ मध्ये, तेही मद्रास उच्च न्यायालयानं मागं लागल्यावर.

माझ्याही टेबलासमोर एक बाप पोराला घेऊन बसला होता. साल २००२. मी एवढंच म्हणालो, 'लग्नाची घाई करू नका.' तेव्हा स्वतःला फार पुढारलेला समजलो होतो. 'याला काही झालेलं नाही' हे चार शब्द त्या बापाला सांगायला हवे होते, ते मी गिळले. पोरगा माझ्याकडे बघत होता. पुन्हा आले नाहीत ते.

लातूरकर_९६ · सोमवार, सायंकाळी ६.५०

मला वाटतंय हे सर कोण ते मला कळलंय. [संपादित]

तेरणाकाठ · सोमवार, सायंकाळी ६.५८

दादा, काढा ते. आत्ता.

गोदामाय · सोमवार, सायंकाळी ७.०३

अहो शाळा, तालुका, गाडीचा रंग, सगळं लिहून मोकळे झालात! त्या माणसाला अजून पेन्शन घ्यायचीय, गावात दळण आणायला जायचंय. कळत कसं नाही?

लातूरकर_९६ · सोमवार, सायंकाळी ७.२०

काढलं. चुकलं. वाईट हेतू नव्हता. ते सर माझे वर्गशिक्षक असतील असं वाटलं आणि राहवलं नाही. त्यांनी मला कधी मारलं नाही. आमच्या वर्गात एका पोराला सगळे बायल्या म्हणून चिडवायचे. सर त्याला रोज वर्गाबाहेर काढायचे, स्टाफरूममधून खडू आण, नकाशा आण, असली कामं. आम्हाला वाटायचं शिक्षा आहे. तो मधल्या सुट्टीत आमच्या तावडीत सापडू नये म्हणून असेल, हे काल रात्री डोक्यात आलं.

ते सर हे नसतीलही.

उंबरठा · सोमवार, रात्री ११.३५

दोन दिवस लिहू की नको करत होते. कडबा यांनी वही न वाचता जे विचारलं ते वाचलेल्या कुणी विचारलं नाही, म्हणून लिहिते.

मी मोजलं. ११८ पानांत त्याची बायको पाच वेळा बोलते. एकदा 'चहा ठेवू का', एकदा 'लाइट गेली', एकदा पोराच्या फीबद्दल. चौथ्यांदा २०१८ मध्ये विचारते, 'कुणाचा फोन होता?' पाचवं शेवटी सांगते.

माझं लग्न २००३ चं. बीड जिल्ह्यात दिलेलं. माणूस चांगला. दारू नाही, हात उचलणं नाही, आवाज चढवणं नाही. नऊ वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो आणि त्यातल्या शेवटच्या सातांत त्यानं मला चुकूनही हात लावला नाही. मूल का नाही, हे सगळ्या गावानं मला विचारलं. त्याला कुणी विचारलं नाही. तपासण्या माझ्या, उपास माझे, सोनोग्राफी माझी. योगेश्वरीला नवस बोलायला सासूबाई मला घेऊन गेल्या, मी अनवाणी गेले. तो बाहेर चपला सांभाळत उभा. सगळं माहीत असून चपला सांभाळत उभा.

कळलं ते एका साध्या गोष्टीवरनं. त्याचा एक मित्र वारला, अपघातात. हा अंत्यविधीला गेला, आला, आंघोळ केली, जेवायला बसला. भाकरी मोडली आणि तसाच हातात धरून बसला. अर्धा तास. मी आमटी दोनदा गरम केली. त्या अर्ध्या तासात मला सगळं कळलं, आणि कळल्यावर पहिल्यांदा जे वाटलं ते सांगायला लाज वाटते. सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे माझ्यात खोट नव्हती.

वहीत एक वाक्य आहे, 'तिला मी काही कमी पडू दिलं नाही.' मी त्याच्यावर पेन्सिलीनं रेघ ओढली. कमी पडू दिलं नाही हे आपण बैलाबद्दल बोलतो, पेंड, कडबा, पाणी.

पण मला सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? हेवा. वहीतल्या त्या दोघांचा हेवा. पत्र्याला धरायला ट्यूबचा तुकडा कुणीतरी कापून दिला. मला नऊ वर्षांत कुणी असं काही दिलं नाही. आणि त्यालाही, माझ्या नवऱ्यालाही, मी दिलं नाही. मला काय माहीत होतं की त्याचे हात कापलेत.

आता ते पाचवं. वहीच्या शेवटाकडे, दोस्तार गावी परत आल्यावर, ती म्हणते, 'त्यांचा डबा वेगळा भरलाय, तिखट कमी केलंय.' म्हणजे तिला माहीत आहे. त्याला तिखट सोसत नाही हेसुद्धा माहीत आहे. ती हे किती वर्षं धरून होती? तिची वही कोण लिहिणार?

तेरणाकाठ · मंगळवार, पहाटे ५.१०

झोप लागली नाही. मी वही दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा आईच्या तांब्यावर रडले. बायको मला दिसलीच नाही. तेवीस वर्षं पुस्तकं हाताळली मी, आणि मला ती दिसली नाही. ताई, तुमचं बरोबर आहे. मी आता तिसऱ्यांदा वाचतेय, तिच्या बाजूनं.

कडबा · मंगळवार, सकाळी ९.३०

उंबरठा ताई, मी वाद घालायला लिहिलं होतं, तुमच्यासाठी नव्हतं लिहिलं. वही मागवलीय.

वकीलसाहेब_बीड · मंगळवार, दुपारी १२.४०

जेवणाची सुट्टी आहे, लिहून घेतो. वहीतली कोरडी वर्षं ज्यांना कंटाळवाणी वाटली त्यांनी तारखा शेजारी ठेवून वाचावीत. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत घातलं. जुलै २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं प्रौढांच्या संमतीपुरतं ते बाजूला सारलं. त्याच महिन्यात हा माणूस दोस्ताराला सहा पानी पत्र लिहितो आणि दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवतो. टाकत नाही. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालय तो निकाल फिरवतं. त्या रात्री हा पत्र चुलीत घालतो. साडेचार वर्षं ते पत्र कायदेशीर होतं आणि त्यानं ते पोस्टात टाकलं नाही. मी वकील आहे, कायद्यानं माणसाचं भलं होतं यावर माझं पोट आहे. ते पान वाचून मी जरा गप्प झालो.

मग ६ सप्टेंबर २०१८. स्टाफरूममधला टीव्ही, पाच न्यायाधीशांचा निकाल, एक सहकारी म्हणतो 'आता हेच बघायचं राहिलं होतं', सगळे हसतात, हाही हसतो. खिशात मोबाइल एकदा वाजून बंद पडतो. मिस्ड कॉल. चाकणचा नंबर. सतरा वर्षांत पहिल्यांदा.

त्या निकालात न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी लिहिलंय की इतिहासानं या समाजाची आणि त्यांच्या कुटुंबीयांची माफी मागायला हवी. मी ते वाक्य भाषणात दहा वेळा वापरलंय. 'आणि त्यांच्या कुटुंबीयांची' हा भाग मी दर वेळी गाळायचो, वाक्य लांब होतं म्हणून. उंबरठा ताईंचं वाचल्यावर काल रात्री निकालपत्र काढून पुन्हा बघितलं. आहे तिथं.

लग्नाचं विचारणाऱ्यांसाठी: १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली नाही. गुन्हा नाही, नातंही नाही, अशी आजची स्थिती. १ जुलै २०२४ पासून नवी न्यायसंहिता आली, तिच्यात ३७७ सारखं कलमच नाही.

काउंटर_नंबर_३ · मंगळवार, दुपारी २.१५

बँकेत आहे. पान १०३ वाचून हसलो आणि मग हसू गेलं. दोस्तार टेम्पो विकून आलेले पैसे ठेव म्हणून ठेवतो आणि वारसाच्या रकान्यात सरांचं नाव घालतो. 'नाते' या चौकोनात काय लिहू म्हणून तो पेन धरून उभा. मागं रांग. शेवटी 'मित्र' लिहितो. काउंटरवरचा माणूस म्हणतो, 'मित्र चालतंय, घाला.'

चालतंयच. नॉमिनी कुणालाही करता येतं. ऑगस्ट २०२४ मध्ये तर अर्थ मंत्रालयानं स्पष्ट केलं की असे जोडीदार जॉइंट खातं उघडू शकतात, नॉमिनी होऊ शकतात. पण एक सांगतो, कामाचं आहे. नॉमिनीला पैसे हातात मिळतात, मालकी मिळत नाही. पुतण्या-भाच्यांनी हक्क सांगितला तर ते कायदेशीर वारस ठरतात. म्हणून मृत्युपत्र करा, साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर सही. वहीवाले सर हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी लिहिलंय.

मुंडावळ्या · मंगळवार, दुपारी ४.००

माझ्याकडे पान ४१ साफ आहे! टाइप करून टाकणार होते, पण त्यात काही विशेष नाही हो गोदामाय. दोस्ताराच्या खिशातल्या डायरीतला एका फेरीचा हिशोब आहे, सरांनी जसाच्या तसा उतरवलेला. डिझेल. चहा दोन. पंक्चर एक. भेळ दोन. चहा दोन. जकात नाका. ऊस दोन कांड्या.

गोदामाय · मंगळवार, दुपारी ४.१२

काही विशेष नाही म्हणतीय बाई! सगळं दोन-दोन आहे की गं.

मुंडावळ्या · मंगळवार, दुपारी ४.१५

अगं माय. खरंच की.

कडबा · बुधवार, रात्री १०.५०

वाचतोय. लग्नाच्या पानाशी थांबलोय. वऱ्हाड दोस्ताराच्याच टेम्पोतून न्यायचं ठरतं, कारण तो भाडं घेणार नाही. मागं बाया गाणी म्हणतायत. पुढं केबिनमध्ये नवरदेव मुंडावळ्या बांधून, स्टेअरिंगवर दोस्तार, आणि दोघांच्या मधी करवली, सात वर्षांची भाची, मांडीवर करा धरून. पाणी सांडू नये म्हणून दोस्तार गाडी इतकी हळू चालवतो की मुहूर्त हुकायला येतो.

मी स्वतः वीस वर्षं लग्नाची भाडी मारलीत. करा मधी असला की गाडी तशीच चालवावी लागते. बाकी उद्या वाचतो.

पत्र्याचं_शेड · बुधवार, रात्री ११.०५

कडबा भाऊ, तुमचा टेम्पो होता? ९३ ला कुठं होता तुम्ही?

कडबा · बुधवार, रात्री ११.२०

तेव्हा क्लीनर होतो. उमरग्याच्या बाजूला चार फेऱ्या केल्या. ज्वारीची पोती होती. त्या वासात जेवण जायचं नाही.

उंबरठा · गुरुवार, सकाळी १०.१०

तेरणाकाठ ताई, मला एक प्रत हवी. माझ्याकडची मैत्रिणीची आहे, परत द्यायची. माझ्यासाठी नको, त्याला पाठवायची आहे. आमचं २०१२ ला सुटलं, पण माझे अण्णा गेले तेव्हा तो आला होता, मागं उभा राहून गेला. पत्ता खासगी निरोपात पाठवते. पेन्सिलीची रेघ मी नव्या प्रतीत पुन्हा ओढणार आहे, त्याच वाक्याखाली. बाकी काही लिहिणार नाही.

तेरणाकाठ · गुरुवार, सकाळी १०.४०

आजच काढून घेते. मुंडावळ्या, तुमचं पान ४१ फोटो काढून पाठवा, तेवढं साफ घालते.

हॉस्टेल_खाट_१४ · गुरुवार, रात्री ११.५५

पहिल्यांदाच लिहितोय. संभाजीनगरला असतो, स्पर्धा परीक्षेचं करतोय. वय चोवीस. मी पण तसाच आहे, एवढं कळलं असेल.

सुट्टीत गावी गेलो तेव्हा वही नेली होती. मुद्दाम की विसरून ते माझं मलाच माहीत नाही, पण रात्री ओसरीत टीपॉयवर ठेवली आणि झोपायला गेलो. आमचे पप्पा दहावी नापास. पेपर वाचतात, बाजारभाव वाचतात, पुस्तक हातात घेतलेलं मी पाहिलं नाही. त्यांचं टेम्पोचंच आयुष्य गेलं, आता गुडघ्यामुळं शेती बघतात.

तीन दिवस वही टीपॉयवर होती. रोज जागा थोडी हललेली. चौथ्या दिवशी बघितलं तर पान ७० च्या आसपास बीडीच्या बंडलाचा कागद खुणेला. मी काही विचारलं नाही. पोटात नुसता गोळा. परत निघायच्या आदल्या रात्री मी बॅग भरत होतो, पप्पा दारात आले. म्हनले, 'पत्र्याला ट्यूब लावत्यात, ते बरोबर लिवलंय.'

मी म्हटलं, हो.

'त्या साली मीबी नेले होते पत्रे.'

मी म्हटलं, तुम्ही कधी सांगितलं नाही.

मग बराच वेळ काही नाही. लाइट गेली तेवढ्यात, बरं झालं. अंधारात ते म्हनले, 'आता कसंय त्या दोघांचं?'

गोदामाय · शुक्रवार, रात्री १२.०४

अरे बाळा. मग काय म्हणालास?

हॉस्टेल_खाट_१४ · शुक्रवार, रात्री १२.०९

मी म्हटलं, शेवटच्या पानावर आहे, दोघांनी मिळून बांधाकडच्या अर्ध्या एकरात हरभरा केलाय.

पप्पा म्हनले, 'यंदा घाटेअळी लई हाय. फवारा घ्या म्हनावं त्यायला.'